चिंकाऱ्यांसाठी माळावर गवत उभं करताना

एप्रिल २०२२ मधली दुपार. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळच्या आमच्या वस्तीवर मी सुट्टीला आले होते. बांधावरच्या बाभळीखाली एक चिंकारा मादी उभी होती, शेपटी सारखी हलवत. आमच्या शेळ्या सकाळीच तिथल्या शेंगा वेचून गेल्या होत्या. राहिलेले तुकडे ती मातीतून ओठांनी उचलून खात होती. एक तुकडा उचलायचा, मान वर करायची, कान फिरवायचे, मग दुसरा. दहा मिनिटांत तिला पाच-सहा तुकडे मिळाले असतील. मागे आमचा सगळा माळ तांबडा पडलेला, गवताची काडी नाही.

त्याच संध्याकाळी मी आप्पांना म्हटलं, "वरचा तीन एकराचा माळ मला द्या. हरणांसाठी काहीतरी लावते." आप्पा म्हणाले, "तिथं माझ्या बापाला काही पिकवता आलं नाही. बघ बाई तुला जमतंय का."

त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. मधल्या काळात असं काही करावंसं वाटणारे चार-पाच जण भेटले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: काय पेरायचं? मीही तिथूनच सुरुवात केली होती आणि तिथंच चुकले. म्हणून सगळं घडलं तसं लिहिते.

आधी थोडं प्राण्याविषयी. आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण चिंकारा आणि काळवीट हे कुरंग. त्यांची शिंगं सांबर-चितळासारखी दरवर्षी गळत नाहीत. चिंकाऱ्याच्या मादीलाही बारीक शिंगं असतात. काळवीट मुख्यतः गवत खातो. चिंकारा गवताबरोबर झुडपांचा पाला, बोरं, शेंगाही खातो आणि पाण्यावाचून बरेच दिवस काढतो. आमच्याकडे चिंकारेच आहेत. मयूरेश्वर अभयारण्य जवळच आहे, पण ते अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं. त्यामुळे हे प्राणी भोवतालच्या माळांवर आणि शेतांतच जास्त दिसतात. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरही धड पडत नाही.

पहिल्या वर्षी मी व्हिडिओ बघून शिकले. परदेशात शिकारी लोक हरणांसाठी क्लोव्हर वगैरेची छोटी शेतं करतात, त्याचे शेकडो व्हिडिओ आहेत. तिथला पाऊस वेगळा, थंडी वेगळी, हेतूही वेगळा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने चिंकाऱ्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. तरी त्यातली कल्पना मला आवडली आणि जून २०२२ मध्ये वीस गुंठ्यांत बाजरी, मटकी आणि हुलगा पेरला. नांगरट, बियाणं, मजुरी धरून ६,४०० रुपये गेले. मटकी सुरेख आली. ऑगस्टमध्ये पहाटे चिंकारे यायचे आणि मी खूश व्हायचे. ऑक्टोबर संपता संपता वेल वाळले, बाजरीची ताटं उरली आणि नोव्हेंबरात तिथं नांगरलेली उघडी जमीन तेवढी होती. मूळचं जे थोडं गवत होतं तेही नांगराखाली गेलं होतं.

शिवाय शेजारच्या तात्यांचं नुकसान झालं. माझी मटकी संपल्यावर चिंकारे त्यांच्या मटकीत शिरले. तात्या घरी आले आणि आप्पांसमोर मला म्हणाले, "ताई, तुम्ही त्यांना चटक लावली आणि आता भरायचं मी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा भरपाईचा अर्ज मी भरून दिला. वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर घटनेपासून तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज जायला हवा. आम्ही तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. सातबारा, बँक पासबुकाची प्रत आणि शेताचे फोटो जोडले. खुरांच्या ठशांचे फोटो मी काडेपेटी शेजारी ठेवून काढले होते, आकार कळावा म्हणून. पंचनाम्याच्या वेळी ते कामी आले. पैसे मार्च उजाडल्यावर खात्यात आले, नुकसानीपेक्षा कमी. तुमच्या शेजारी कुणाचं पीक असेल तर हा अर्ज कसा भरतात ते आधी शिकून घ्या आणि गरज पडली तर स्वतः भरून द्या. शेजारी दुखावला तर तुमचं गवत टिकत नाही.

त्याच नोव्हेंबरात, दिवाळीनंतर, मेंढपाळांचा एक वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारी कुटुंबं, कोकणाकडे जाताना आमच्या रानात दोन रात्री बसला. त्यातले म्हातारे मामा सकाळी माझ्याबरोबर माळ फिरले. मी त्यांना विचारलं, हरणांसाठी काय लावू? ते थोडं थांबून म्हणाले, "पावसाळ्यात त्यांना कोण इचारतंय? तवा समदीकडं हाय. चैतात काय ऱ्हातंय ते बघ."

चैत्रात काय उरतं? एप्रिलमध्ये ती मादी शेंगांचे तुकडे शोधत होती ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही मी जून ते ऑक्टोबर हिरवं राहणारं पीक लावलं. कोरड्या भागात जनावराला पोटाची चणचण पडते ती मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत. तेव्हा उभं असेल तेच लावायला हवं. त्या दिवसानंतर प्रत्येक गोष्ट मी याच प्रश्नावर घासून बघितली.

मामांनी गवतं ओळखून दाखवली. पवना सगळ्यात चांगला, वाळला तरी जनावर खातं. डोंगरी डोंगरउतारावर. मारवेल ओघळीच्या काठाला, जिथं माती जरा खोल आहे तिथं. कुसळी कोवळी असेपर्यंतच खातात, पुढे तिची कुसळं तोंडात आणि लोकरीत रुततात. पवना आणि डोंगरीचं बी दुकानात मिळत नाही. आम्ही ते त्याच महिन्यात वनहद्दीच्या अलीकडे, आमच्या आणि तात्यांच्या बांधांवरून ओंब्या ओरबाडून गोळा केलं. बी पिकलंय की नाही हे बघायला ओंबी मुठीत हलकी ओढायची. सुटून हातात आली तर तयार, चिकटून राहिली तर आठ दिवस थांबायचं. पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवलं. ताजं गवताचं बी लगेच पेरून उपयोग नसतो. बऱ्याच गवतांच्या बियांना काही महिन्यांची सुप्तावस्था असते, अंजन गवताला तर वर्षभरापर्यंत.

मग कागदपत्रं. आमचा माळ एका बाजूने वनजमिनीला लागून आहे आणि हद्दीचे दगड कुणाला नक्की दाखवता येत नव्हते. उद्या तुम्ही वनहद्दीत चर खोदले असं कुणी म्हणू नये म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये साध्या मोजणीचा अर्ज केला. डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, तो जोडला. मोजणीची पहिली तारीख रद्द झाली. दुसरी मार्च २०२३ मध्ये मिळाली. खुणा झाल्या त्याच दिवशी आम्ही दगड रोवून त्यांना चुना लावला. हे दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

वन विभागालाही पत्र दिलं: आमच्या खाजगी जमिनीत स्थानिक गवत लावतो आहोत, एक पाणवठा करणार आहोत, कुंपण घालणार नाही. स्वतःच्या जमिनीत गवत लावायला परवानगी लागत नाही, असं तिथं तोंडी सांगितलं. मी लेखी उत्तर मागितलं आणि त्याला पाच आठवडे लागले. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मी पहिल्याच दिवशी घेतला होता, म्हणून पुढच्या दोन फेऱ्यांत नवीन पत्र द्यावं लागलं नाही. तिथल्या वनरक्षक मॅडमनी एक गोष्ट निक्षून सांगितली: आणलेला चारा ढीग करून टाकू नका. एका जागी गर्दी झाली की रोग पसरतो आणि कुत्र्यांनाही जागा कळते. उगवलेलं पसरून खाल्लं जातं.

मार्च ते जून २०२३ हे सगळ्यात कष्टाचे महिने होते. माळाच्या खालच्या अंगाला वेडी बाभूळ माजली होती. तिच्या शेंगा गोड असतात, जनावरं खातात आणि लेंड्यांतून बी सगळीकडे जातं. वरून तोडली तर ती दुप्पट फुटते, मुळासकट काढावी लागते. जेसीबी सहा तास, तासाला १,२०० रुपये, आणि जिथं यंत्र नेलं असतं तर चांगलं गवत चिरडलं असतं तिथं मजुरांकडून, ४,००० रुपये. हिवर, बोर आणि नेपतीची झुडपं मात्र एकही तोडू दिली नाही. उन्हाळ्यात पाला आणि फळ देणारी तीच.

समतल चर हाताने खोदले, एक फूट खोल, दीड फूट रुंद. लाकडी ए-फ्रेमने, म्हणजे उतारावर समपातळी दाखवणाऱ्या तिकाटीने, रेषा आखल्या. जिथं मूळचं गवत दिसलं तिथं चर तोडला आणि पुढे पुन्हा सुरू केला. मजूर वैतागले, पण पंचवीस वर्षं जगलेला गवताचा ठोंब उपटून त्याच जागी बी पेरण्यात काय अर्थ आहे? याचे ९,००० झाले.

अंजन आणि स्टायलोचं बियाणं विकत आणलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने या चाऱ्यांवर बरंच काम केलंय, स्टायलोचा 'फुले क्रांती' आणि मारवेलचा 'फुले मारवेल ०६-४०' हे वाण तिथलेच. अंजन सहा किलो, स्टायलो पाच किलो, जाण्यायेण्यासकट ७,५०० रुपये. स्टायलो द्विदल आहे, जमिनीला नत्र देतो आणि गवतापेक्षा उशिरापर्यंत हिरवा राहतो. त्याच्या बीचं कवच कठीण असतं, म्हणून कडक गरम पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवून काढलं आणि सावलीत सुकवलं. पाणी उकळतं घेऊ नका, बी शिजतं.

गवताचं बी इतकं हलकं असतं की मुठीतून टाकलं तर वाऱ्याबरोबर शेजारच्या शिवारात जातं. म्हणून गोळ्या केल्या. चाळलेली माती, जुनं शेण, थोडी वाळू आणि बी एकत्र कालवायचं आणि हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळून सावलीत वाळवायच्या. दोन बायका चार दिवस आमच्या ओसरीवर बसल्या होत्या, २,४०० रुपये मजुरी. गोळीत तीन-चार बिया पुरे. पहिल्या दिवशी आम्ही जास्त घातल्या, त्या गोळ्या वाळताना फुटल्या.

८ जुलै २०२३ ला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मिळाला. चरांच्या मातीवर गोळ्या ठेवल्या, वरून बोटभरसुद्धा माती टाकली नाही. गवताचं बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं की वर येत नाही. दहाव्या दिवशी सुईसारखे हिरवे कोंब दिसले. मी त्यांचे इतके फोटो काढले की फोन भरला.

त्यानंतर पाऊस गेला. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. दर शनिवारी मी पुण्याहून यायचे आणि कोंब आधी निस्तेज, मग पिवळे, मग गव्हाच्या भुश्यासारखे झालेले बघायचे. आप्पा काही बोलत नव्हते, त्याचंच जास्त वाईट वाटायचं. ३१ ऑक्टोबरला सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बारामती होता. मुरमाड भागातलं नवं गवत जवळपास सगळं गेलं. चरांच्या आतल्या कडेला अंजनचे काही ठोंब तगले आणि ओघळीच्या काठी लावलेला मारवेल.

माळ पुन्हा नांगरून सगळं नव्याने करावं असं मला वाटत होतं. तसं केलं नाही, खरं तर पैसेही नव्हते. पण गोळ्या उकरून पाहिल्या तर कितीतरी अजून शाबूत होत्या. पहिल्या वर्षी अपयश आलं तर कुणीही जमीन उकरायची घाई करू नये. कोरड्या भागात बीसुद्धा सगळं एकदम उगवून धोका पत्करत नाही.

आता जे लिहायचं आहे ते जड जातं. २०२४ चा उन्हाळा भयंकर होता. फेब्रुवारीत मी बशीच्या आकाराचा पाणवठा बांधला, आठ फूट व्यासाचा, मधे एक फूट खोल, कडा सपाट उताराच्या. प्लॅस्टिकच्या कागदाच्या शेततळ्यात उतरलेलं हरीण घसरून वर येऊ शकत नाही, तसं होऊ नये म्हणून हा आकार. बांधकामाला ११,००० आणि पाण्याला उन्हाळाभर ६,०००. होले, तित्तर, चंडोल पहिल्या आठवड्यातच आले. कडेला भुरभुरीत माती पसरली होती, तिच्यावर खोकडाचे ठसे उमटायचे. चिंकाऱ्यांचे ठसे मेपर्यंत नव्हते.

पण पाणवठा मी वस्तीजवळ बांधला होता, भरायला सोपं जावं म्हणून. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे कुत्र्यांचा गलका ऐकू आला. मी पोचेपर्यंत पाडस गेलं होतं. मादी पन्नास-साठ पावलांवर उभी होती. पुढचा पाय आपटायची आणि शिंकल्यासारखा आवाज काढायची, पुन्हा पुन्हा. कुत्री हाकलली तरी ती गेली नाही. मी तिथंच मातीत बसले.

१९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर फोन केला. अशा वेळी मृत प्राण्याला हात लावायचा नाही, हलवायचं नाही, पुरायचं तर अजिबात नाही. वरून गोणपाट टाकून कुत्री-कावळे दूर ठेवायचे आणि थांबायचं. दुपारी कर्मचारी आले, पंचनामा झाला, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासणी केली. माझ्या जबाबावर सही घेतली. कुणी मला दोष दिला नाही.

त्या आठवड्यात पाणवठा कोरडा ठेवला आणि वस्तीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, जिथून चारी बाजू मोकळ्या दिसतात तिथं, दुसरा केला. जुनंच साहित्य वापरलं आणि तात्यांनी दोन दिवस हात लावला. पाण्याजवळ झुडूप नको, बांध नको, घर नको. येणाऱ्याला दूरवर दिसलं पाहिजे.

जून २०२४ चा पाऊस वेळेवर आला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी माळावर गेले तर गेल्या वर्षीच्या चरांवर, जिथं काही नाही असं समजून मी जाणं सोडलं होतं तिथं, हिरव्या रेघा होत्या. मागच्या वर्षीच्या गोळ्या. पवना, अंजन, मधे मधे स्टायलोची बारीक पानं. सप्टेंबरात पवना माझ्या गुडघ्याला लागत होता. त्याच पावसात शेळ्यांच्या गोठ्यातल्या बाभळीच्या बिया बांधाकडेला टोकल्या. शेळीच्या पोटातून आलेली बी लवकर उगवते. माळाच्या मधे मात्र एकही झाड लावलं नाही. लोक सद्भावनेने माळावर गिरीपुष्प, सुबाभूळ लावतात आणि तिथलं गवत आणि गवतावर जगणारं सगळं संपतं.

ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, या तीन एकरांची नोंद 'कायम पड' म्हणून केली. आप्पांना तो शब्द आवडला नाही, पण पीक नसताना पीक दाखवणं बरोबर नव्हे.

दिवाळीनंतर मामांचा वाडा पुन्हा आला. या वेळी आम्ही बोलून ठरवलं: बी गळून पडेपर्यंत माळावर मेंढरं नाहीत, नंतर खालच्या एका एकरात दोन दिवस. वरचे दोन एकर उन्हाळ्यासाठी उभे ठेवायचे. मेंढरांच्या खुरांनी बी मातीत दाबलं जातं आणि लेंडीखत मिळतं. पूर्ण चराईबंदी करून मेंढपाळाशी भांडण घेण्यापेक्षा हे बरं चाललंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये चारी बाजूंनी दहा फुटांचा जाळपट्टा गवत कापून मोकळा केला. उभ्या वाळल्या गवताला सगळ्यात मोठी भीती वणव्याची. नवं गवत चांगलं येतं या समजुतीने लोक माळ पेटवतात. त्यासाठी आठवडाभर घरोघर जाऊन बोलले.

मोजणी आणि जाळपट्ट्याची मजुरी सोडून आतापर्यंतचा खर्च साडेत्रेपन्न हजार. पहिल्या वर्षीची मटकी-बाजरी टाळली असती तर सहा हजार वाचले असते, जेसीबीचे तास बहुधा तेवढेच लागले असते. तात्यांच्या पिकात चिंकारे अजूनही जातात. आता अर्ज त्यांचा मुलगा भरतो, मी फक्त कागद तपासून देते.

एप्रिल २०२५ मध्ये वरच्या दोन एकरांत पवना पिवळाधमक उभा होता. सकाळी त्यात तीन चिंकारे चरताना दिसायचे, वाळकी पानं शेंड्याकडून निवडून खात. एका रविवारी मी दहाच्या सुमाराला वस्तीवर पोचले, तर शेळ्या अजून गोठ्यातच बांधलेल्या. आप्पांना विचारलं, "अजून सोडल्या नाहीत?"

"बाभळीच्या शेंगा गळायला लागल्यात," आप्पा म्हणाले. "तिचं खाऊन झालं की सोडतो."